कच्चें फळ कां गळतें

बुलढाणें जिल्ह्याच्या घाटावरच्या भागांत सिंदखेड राजा हें गांव आहे. जाधवांचा वाडा, मोती तलाव, नीलकंठेश्वराचें देऊळ आणि लखुजीराव जाधवांची भव्य दगडी समाधि पाहण्यासाठीं तेथें लोक दुरून येतात. वाडा जिजाबाईंच्या जन्माचें स्थळ म्हणून सर्वांस ठाऊक आहे. समाधीशीं जी हकीकत निगडित आहे ती राजकारणाची म्हणून सांगितली जाते. परंतु वैद्यकांतील एका फार जुन्या प्रश्नाशीं तिचा संबंध पोंचतो, आणि तो तिथींवरून ध्यानांत येतो.

शके १५५१ च्या श्रावण शुद्ध पौर्णिमेस, म्हणजे २५ जुलै १६२९ रोजीं, दौलताबादेस निजामशहाच्या दरबारांत लखुजीराव, त्यांचे पुत्र अचलोजी व राघोजी आणि नातू यशवंतराव ह्यांस दग्यानें ठार मारण्यांत आलें. त्याच शकाच्या फाल्गुन वद्य तृतीयेस, १९ फेब्रुवारी १६३० रोजीं, शिवनेरी किल्ल्यावर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. श्रावणी पौर्णिमेपासून फाल्गुन वद्य तृतीयेपर्यंत सात चांद्रमास व वर दोन-तीन दिवस होतात. इंग्रजी तारखांनीं मोजले तर दिवस भरतात २०९. गर्भाचा पूर्ण काळ शेवटच्या पाळीपासून २८० दिवसांचा धरण्याची वैद्यकाची रीत आहे. २८० मधून २०९ वजा केले कीं ७१ उरतात. बाळंतपण पुऱ्या दिवसांचें होतें असें धरल्यास, बाप, दोन भाऊ आणि भाचा एका दिवशीं कापले गेले तेव्हां जिजाबाईंना दहावा आठवडा नुकताच पुरा झाला होता. तिसरा महिना चालू होता.

कांहीं बखरींतून व लोककथांतून निराळी गोष्ट सांगतात. लखुजीराव जांवयाचा पाठलाग करीत होते, जिजाबाईंचे दिवस भरत आले होते, घोड्यावर बसवेना म्हणून शहाजीराजांनीं त्यांना शिवनेरीवर ठेविलें, आणि तेथें बापलेकींची भेट झाली, असें तिचें रूप आहे. गोष्ट हृदयंगम आहे खरी, पण तिथींपुढें टिकत नाहीं. जो पुरुष जन्माच्या सात महिने आधींच मारला गेला, तो भरल्या दिवसांच्या लेकीचा पाठलाग कसा करील? खरा प्रसंग ह्याहून कठीण होता. गर्भ अगदीं कोंवळा होता; मुलूख युद्धानें पेटलेला; नवरा आज ह्या पक्षाला तर उद्यां त्या पक्षाला; आणि माहेरचा आधार एका दिवसांत तुटलेला.

शोक, भय, संताप, धक्का, दगदग, प्रवास हीं गर्भ गळण्याचीं कारणें म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलीं गेलीं. त्या यादींतील बहुतेक सारीं कारणें त्या श्रावणांत एकत्र जमलीं होतीं. तरी गर्भ राहिला. एका उदाहरणानें सिद्धांत होत नाहीं, हें खरें. परंतु प्रश्न तरी नीट उभा राहतो. कोंवळा गर्भ गळतो तो कशानें, आणि तो गळण्याच्या बेतांत आहे हें कोणत्या खुणांवरून ओळखावें?

आपल्या जुन्या वैद्यांनीं ह्या प्रश्नाचा विचार पुष्कळ केला. सुश्रुतानें चौथ्या महिन्यापर्यंत जें घडतें त्यास गर्भस्राव म्हटलें, आणि पांचव्या-सहाव्या महिन्यांत गर्भाचें शरीर घट्ट झाल्यावर जें घडतें त्यास गर्भपात. हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. पहिल्यांत द्रव वाहतो, दुसऱ्यांत अवयव असलेला देह पडतो, असें प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हीं दोन नांवें सुचलीं नसतीं. त्याच ठिकाणीं त्यानें झाडाच्या फळाचा दृष्टांत दिला आहे. पिकलेलें फळ काळ आला म्हणजे देंठापासून आपोआप सुटतें. परंतु कीड लागली, वारा सुटला किंवा आघात झाला तर तेंच फळ अकालीं गळतें. गर्भाचेंहि तसेंच. वारा व आघात हीं बाहेरचीं कारणें. कीड मात्र फळाच्या आंत शिरलेली असते. दृष्टांतांतील हा बारकावा पुढच्या लोकांनीं विसरावयास नको होता.

चरकानें गर्भाला अपाय करणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी दिली आहे. उकिडवें किंवा वेड्यावांकड्या अथवा कठीण आसनावर बसणें, मलमूत्राचे वेग अडविणें, दांडगे श्रम, तीक्ष्ण व उष्ण अन्न, अपुरें जेवण, पोटावर दाब किंवा मार, खोल विहिरी व कडे डोंकावून पाहणें, फार हिंदकळणाऱ्या वाहनांतून जाणें, अप्रिय व कर्कश ऐकणें. ह्यांतील अपुरें अन्न व पोटावरचा मार हीं आजहि मान्य होतील. विहिरींत डोंकावणें मान्य होणार नाहीं. लक्षणांविषयीं त्याचें निरीक्षण अधिक मोलाचें आहे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या महिन्यांत रक्त दिसूं लागलें तर गर्भ राहणार नाहीं असें जाणावें, कारण त्या काळीं गर्भांत सार उत्पन्न झालेलें नसतें, असा त्याचा अभिप्राय आहे. चौथ्या महिन्यानंतर असें झालें तर मात्र त्यानें उपचार सांगितले: मऊ, गार अंथरूण, उशाकडची बाजू किंचित् खालीं, जेष्ठमधाचा व तुपाचा बोळा, गार पाण्याचा शेक. पहिल्या तीन महिन्यांत वैद्याचा हात फारसा चालत नाहीं, ही कबुली दोन हजार वर्षांपूर्वींच्या ग्रंथांत आढळावी हें त्या ग्रंथकाराच्या प्रामाणिकपणाचें लक्षण होय.

तरीपण त्याच वाक्याच्या आरंभीं एक शब्द आहे, आणि त्या शब्दानें पुढें फार अनर्थ केला. हें रक्त ‘अपचारामुळें’ दिसतें, असें चरक म्हणतो. अपचार म्हणजे पथ्य मोडणें, वागण्यांतील चूक. चूक कोणाची, हें निराळें सांगण्याची गरज पडली नाहीं. ती गर्भिणीची.

काश्यपसंहिता हा बालकांच्या व बाळंतिणीच्या चिकित्सेचा जुना ग्रंथ. नेपाळांत मिळालेल्या त्रुटित पोथीवरून तो १९३८ सालीं छापला गेला. त्यांतील रेवतीकल्पांत ‘जातहारिणी’ नांवाच्या शक्तींचें वर्णन आहे. गर्भ आणि अर्भकें हिरावून नेणारी ही जातहारिणी ज्या स्त्रीचें आचरण बिघडलें तिच्या ठायीं शिरते, असें तेथें म्हटलें आहे. कर्मविपाकाच्या ग्रंथांनीं आणखी मागें जाऊन मागल्या जन्मींचें पाप शोधलें. भाषेनेंहि आपला वांटा उचलला. वंध्या, काकवंध्या, मृतवत्सा, स्रवद्‌गर्भा असे स्त्रीचे वर्ग पाडणारे शब्द आहेत. ह्यांच्या जोडीचे पुरुषाचे शब्द कोशांत शोधावे तर हात रिकामा राहतो.

वऱ्हाडांतील खेड्यापाड्यांत ही विद्या संस्कृतांतून उतरली नाहीं. ती सासूच्या तोंडून, सुइणीच्या तोंडून आली. डाग दिसला, अंगावर जाऊं लागलें, पोट पडलें, कीं विचारणा सुरू होई. पपई खाल्ली होतीस काय? ग्रहणांत विळी हातीं धरलीस काय? तिन्हीसांजा आडावर कशाला गेलीस? कोणाची दृष्ट लागली? प्रश्न विचारणारीं माणसें दुष्ट नव्हतीं. श्रावणांतल्या शुक्रवारीं भिंतीवर जिवतीचा कागद लावून, मुलाबाळांच्या रक्षणासाठीं तिला आघाडा-दूर्वा वाहणारीं तींच. परंतु उत्तर आधींच ठरलेलें असे. दुसऱ्यांदा तसें झालें तर बोलणें वाढे, आणि तिसऱ्या वेळेस घरांत दुसऱ्या लग्नाची गोष्ट निघे. ज्या बाईला त्याच आषाढांत दिवसभर निंदणीला वांकावें लागे, तिला ‘तूं पोराला जपलें नाहींस’ हें ऐकून घ्यावें लागे, आणि तिला स्वतःलाहि तें खरें वाटे. हा भाग सर्वांत कठीण.

बाईला असें पिंजऱ्यांत उभें करण्याविरुद्ध पहिला खणखणीत आवाज ह्याच जिल्ह्यांतून निघाला, ह्याचा विसर पडूं नये. ताराबाई शिंदे ह्या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरि शिंदे तेथील सरकारी कचेरींत नोकरीस असून सत्यशोधक समाजाचे सभासद होते. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. ती पुढें सौम्य करण्यांत आली, परंतु त्या निमित्तानें वर्तमानपत्रांनीं समस्त स्त्रीजातीवर तोंडसुख घेतलें. ताराबाईंनीं त्यास जें उत्तर लिहिलें तें ‘स्त्रीपुरुषतुलना’ ह्या नांवानें १८८२ सालीं पुण्यास छापून निघालें. त्यांचा विषय गर्भस्रावाचा नव्हता हें उघड आहे. पण दोष घडतो दोघांच्या संसारांत आणि शिक्षा मात्र एकीलाच कां, हा जो प्रश्न त्यांनीं केला तो वैद्यकालाहि लागू पडतो. पुस्तकावर टीकेचा भडिमार झाला. जोतीराव फुल्यांनीं मात्र जाहीरपणें त्यांची बाजू घेतली. ह्यानंतर ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं.

त्याच दशकांत एक मराठी बाई ह्या विषयाकडे डॉक्टरच्या दृष्टीनें पाहूं लागली होती. आनंदीबाई जोशी ह्यांना चौदाव्या वर्षीं मुलगा झाला आणि तो दहा दिवसांतच गेला. पुढें त्या अमेरिकेस गेल्या, आणि १८८६ सालीं फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची एम्. डी. ही पदवी त्यांनीं मिळविली. पदवीसाठीं त्यांनीं निबंध लिहिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावर. हेंच चरक-सुश्रुतांचें भांडार त्यांनीं परक्या देशांत पुढें मांडलें. ज्ञान घेऊन त्या परत आल्या, पण आयुष्य पुरलें नाहीं. १८८७ च्या फेब्रुवारींत, बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्या निवर्तल्या.

खऱ्या कारणाचा शोध मात्र पुढें साठ-सत्तर वर्षें लागला, आणि तो टप्प्याटप्प्यानें लागला. १९४३ सालीं अमेरिकेंत हर्टिग व शेल्डन ह्या दोघां संशोधकांनीं आपोआप झालेल्या एक हजार गर्भस्रावांचा कसून अभ्यास प्रसिद्ध केला. पडझड किंवा मार ह्यांमुळें गर्भ गेला असें म्हणण्यास पुरावा कोणता लागेल, हाच त्यांचा प्रश्न होता. कारण तेथेंहि असे दावे कोर्टांत येत. त्यांना काय दिसलें? निम्म्याच्या सुमारास गर्भबीजच मुळांत सदोष होतें. ज्यांचा ठपका आघातावर ठेवतां येईल अशीं उदाहरणें नाममात्र निघालीं. १९५६ सालीं मनुष्याच्या पेशींत ४६ गुणसूत्रें असतात हें निश्चित झालें. आणि १९६० नंतरच्या दशकांत गळलेल्या गर्भांच्या पेशी तपासतां त्यांतील पुष्कळांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली आढळली. कोठें एक जास्त, कोठें एक उणें, कोठें सगळा संच तिप्पट. ही चूक स्त्रीबीज व पुरुषबीज तयार होतांना किंवा त्यांचा संयोग होतांना घडते. त्या वेळीं बाईला दिवस गेले आहेत हें खुद्द बाईलाहि ठाऊक नसतें. सुश्रुताची कीड ती ही. वारा व आघात ह्यांनीं गळणाऱ्या फळांपेक्षां आंतूनच न धरलेलीं फळें कितीतरी अधिक.

आजच्या वैद्यकाचा हिशेब असा आहे. ओळखूं आलेल्या दर शंभर गर्भधारणांपैकीं सुमारें दहा ते वीस आपोआप गळतात, आणि त्यांतील बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांत. पहिल्या तिमाहींत गळणाऱ्यांपैकीं निम्मे किंवा त्याहूनहि अधिक गुणसूत्रांच्या दोषामुळें जातात. स्त्रीचें वय पस्तिशीच्या पुढें गेलें कीं हें प्रमाण चढत जातें. चाळिशीनंतर फार चढतें. नित्याचें घरकाम, जिना चढणें, साधा प्रवास, पतिपत्नींचा संबंध, एखादें भांडण, एखादी भीति ह्यांनीं निरोगी गर्भ गळतो असें दिसून आलेलें नाहीं. अंथरुणाला खिळून राहिल्यानें गळणारा गर्भ थांबतो, असाहि पुरावा मिळालेला नाहीं. म्हणजे उशी खालीं करून निजविण्याचा जुना उपचार निरुपद्रवी होता, यापलीकडे त्याचें श्रेय नाहीं.

नव्या विद्येनेंहि ह्या प्रांतांत ठेंच खाल्ली आहे. १९३८ सालीं लंडनमध्यें डॉड्‌स ह्या शास्त्रज्ञानें स्त्रीसंप्रेरकाची एक कृत्रिम नक्कल तयार केली. स्टिल्बेस्ट्रॉल ह्या नांवानें ती गर्भ टिकविण्यासाठीं अमेरिकेंत व यूरोपांत लक्षावधि गर्भिणींना देण्यांत आली. १९५३ सालीं शिकागो येथील प्रयोगांत ती निरुपयोगी ठरली, तरी ती देणें चालूच राहिलें. अखेर १९७१ सालीं बोस्टनच्या डॉक्टरांना आढळलें कीं, पोटांत असतांना ज्यांच्या आयांनीं तें औषध घेतलें त्या मुलींपैकीं कांहींना ऐन तारुण्यांत योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग होत आहे. तेव्हां कोठें तें बंद झालें. ‘कांहींतरी द्या, पण गर्भ राखा’ ह्या आग्रहाची किंमत आईनें नव्हे, पुढच्या पिढीनें भरली. प्रोजेस्टरॉन हें दुसरें संप्रेरक आज दिलें जातें. परंतु इंग्लंडांतील २०१९ च्या मोठ्या चांचणीप्रमाणें त्याचा उपयोग दिसतो तो मुख्यतः ज्यांचे पूर्वीं गर्भस्राव झाले आहेत व सध्यां रक्त जात आहे अशा स्त्रियांना. सरसकट सर्वांना नव्हे.

ह्यावरून कारणें सारीं दैवाधीन असा अर्थ कोणी काढूं नये. जीं कारणें माणसाच्या हातांत येतात तींहि आहेत, आणि त्यांतील कांहीं ह्या प्रांताच्या चांगलीं परिचयाचीं आहेत. हिंवताप हें त्यांतलें जुनें. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत व सातपुड्याच्या पायथ्याशीं पूर्वीं पावसाळ्यानंतर घरोघरीं माणसें हुडहुडत पडत. त्या तापांत गर्भ पडे, आणि दोष क्विनाइनच्या पुडीला येई. ‘त्या कडू औषधानें पोट पडतें’ म्हणून बायका ती घेत नसत. वस्तुतः गर्भ घालवीत होता ताप. योग्य मात्रेंतील क्विनाइन हें गर्भाच्या पहिल्या तिमाहींतील हिंवतापावर दीर्घकाळ मान्य औषध होतें. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटनेनें त्या जागीं निराळें औषध सुचविलें आहे. काबूंत नसलेला मधुमेह, थायरॉइडचा विकार, उपदंश, तंबाखू व मिश्री, दारू हींहि खरीं कारणें. वारंवार गर्भस्राव होणाऱ्या कांहीं स्त्रियांच्या रक्तांत गांठी धरण्याची प्रवृत्ति असते; १९८३ सालीं लंडनमध्यें ह्यूज ह्या डॉक्टरानें हा विकार नीट वर्णिला आणि त्यावर साध्या औषधांनीं उपचार होऊं लागला. कोणाच्या गर्भाशयाच्या रचनेंत पडदा असतो, तो काढतां येतो. ज्या बाईला मागल्या पिढीनें स्रवद्‌गर्भा म्हणून बाजूस सारलें असतें तिची अशी तपासणी केली तर पुष्कळदां उपाय सांपडतो. आणि न सांपडला तरी पुढला गर्भ राहण्याचा संभव बहुधा निम्म्याहून अधिक असतो. ह्या तपासणींत नवऱ्याचें रक्तहि घ्यावें लागतें. सासरच्या मंडळींस हें पटावयास वेळ लागतो.

आतां खुणांविषयीं. पाळी चुकली, दिवस गेल्याचें ठरलें, आणि त्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत अंगावरून रक्त गेलें, मग तें तपकिरी डागासारखें असो कीं लाल, तर ती पहिली खूण समजावी. तथापि डाग दिसला म्हणजे सर्व संपलें असें मुळींच नाहीं. सुमारें चौथा हिस्सा गर्भिणींना ह्या काळांत थोडेंबहुत रक्त दिसतें, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणींचा गर्भ पुढें सुखरूप वाढतो. चरकाचा निर्णय इतका कडक होता तो त्याच्यापाशीं आंत पाहण्याचें साधन नव्हतें म्हणून. १९५८ सालीं ग्लासगोच्या इयान डोनाल्ड ह्यांनीं ध्वनिलहरींनीं पोटांतील चित्र पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. आज सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या हृदयाची फडफड सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते, आणि ती दिसली म्हणजे धोका पुष्कळच उतरतो. तेव्हां डाग दिसल्यावर देव्हाऱ्यांत अंगारा शोधण्याऐवजीं सोनोग्राफी करून घेणें हें पहिलें काम.

डागासोबत पाळीसारख्या कळा येऊं लागल्या, कंबर धरली, कळा चढत गेल्या, रक्ताच्या गांठी किंवा मांसासारखा भाग पडला, तर गर्भस्राव सुरू झाला असण्याचा संभव मोठा. मळमळ, उलट्या, स्तनांचा जडपणा हे डोहाळे एकाएकीं थांबले तर तीहि खूण सांगतात. पण ती भरंवशाची नाहीं, कारण तिसरा महिना सरतां सरतां तीं लक्षणें निरोगी गर्भांतहि ओसरतात. उलट कांहीं वेळां कसलीच खूण नसते; गर्भ आंतच वाढावयाचा थांबतो आणि तपासणींतच तें कळतें.

ज्या खुणा दिसतांच तासभरहि थांबूं नये त्या निराळ्या आहेत. तासाला एक घडी पूर्ण भिजेल इतकें रक्त जाणें. डोळ्यांपुढें अंधारी येणें, घेरी, थंड घाम. ओटीपोटांत एकाच बाजूला तीव्र कळ, किंवा खांद्याच्या टोंकाशीं अकारण दुखणें. ताप, थंडी आणि दुर्गंधियुक्त स्राव. एका बाजूची कळ व घेरी ह्यांवरून गर्भ गर्भाशयाबाहेर, नळींत रुजल्याची शंका घ्यावी लागते. अशा वेळीं बाहेर रक्त थोडें दिसतें आणि पोटांत मात्र सांचत असतें. म्हणून ‘फारसें जात नाहीं’ ह्या समाधानावर किती जीव गेले असतील त्यांची गणती नाहीं. बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट ह्यांनीं १८८३ सालीं अशी फुटलेली नळी काढून स्त्रीचा जीव प्रथम वांचविला. त्यापूर्वीं हा रोग बहुधा जीव घेऊनच जाई. ताप व दुर्गंधि हीं आंत कांहीं राहून कुजल्याचीं चिन्हें. गांवठी काड्या, काढे व अघोरी हात ह्यांनीं हीच गत होई, आणि ती लपविली जाई. येथें एक गोष्ट स्पष्ट असावी: आपोआप झालेला गर्भस्राव हा कोणत्याहि कायद्यानें अपराध नाहीं, आणि १९७१ च्या कायद्यापासून ठराविक मर्यादेंत डॉक्टरांकडून गर्भपात करवून घेणेंहि अपराध नाहीं. पोलिसांच्या धास्तीनें रक्त जाणाऱ्या बाईला घरांत दडवून ठेवण्याचें कांहीं कारण उरलेलें नाहीं.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आईचा रक्तगट आर्‌एच् निगेटिव्ह असेल तर गर्भस्रावानंतरहि कधीं कधीं ठराविक मुदतींत एक इंजेक्शन घ्यावें लागतें, नाहींतर पुढल्या मुलाला अपाय संभवतो. हा रक्तगुण १९४० सालीं कळला, इंजेक्शन १९६८ पासून मिळूं लागलें. रक्तगटाचा कागद घरांत हाताशीं असावा, तो ह्यासाठीं.

जिल्ह्याचे घाटावरचे तालुके आणि घाटाखालचे तालुके ह्यांत वाटांचा फरक आहे, आणि सातपुड्यांतल्या आदिवासी पाड्यांना तर पावसाळ्यांत वाट असते कीं नाहीं हाच प्रश्न. तथापि २००५ पासून गांवोगांवीं आशा आल्या, २०१४ पासून १०८ क्रमांकाची गाडी आली, आणि २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गर्भिणींची डॉक्टरकडून तपासणी होण्याची योजना चालू झाली. दिवस गेल्याचें तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत कोणाला सांगूं नये, दृष्ट लागते, ही चाल मात्र अजून घरोघरीं आहे. जो काळ सर्वांत नाजूक तोच नेमका मुकाट्यानें जातो. आणि आशेच्या वहींत नांव चढतें तें धोका टळल्यावर.

गर्भस्रावानंतर काय? मनुस्मृतीनें ह्याचा नियम घालून दिला आहे. जितक्या महिन्यांचा गर्भ गेला असेल तितक्या रात्रींनीं स्त्री शुद्ध होते. तिसऱ्या महिन्याच्या गर्भाला तीन रात्री. विटाळाच्या ह्या तीन दिवसांत तिला कोणी शिवत नसे, आणि म्हणूनच कोणी कामालाहि लावीत नसे. पुष्कळ घरांत बाईला मिळालेली खरी विश्रांति काय ती एवढीच. चौथ्या दिवशीं न्हाऊन ती पुनः जात्यावर बसे. गेलेल्या त्या कोंवळ्या जिवासाठीं ना नांव, ना दहावा, ना कोणी भेटीस येई. स्वतंत्र भारतांत १९६१ च्या मातृत्व-लाभ कायद्यानें गर्भस्रावानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा ठरविली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत ती तशीच घेतली आहे. कचेरींत, कारखान्यांत, जेथें हजेरीपट आहे तेथें ती मागतां येते. घाटाखालच्या काळ्या रानांत रोजानें कपाशी वेचणाऱ्या बाईचा हजेरीपट नसतो. तिची रजा अजून त्या तीन रात्रींच्याच हिशेबानें चालते.